पोर्टलँड स्लॅग सिमेंट: चौलच्या घरात चार पावसाळे काढल्यानंतरचा अभिप्राय

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा चौलमधल्या आमच्या जुन्या घराची कौले उडाली, माजघराची एक भिंत कलली आणि वाडीतल्या निम्म्याहून अधिक पोफळी आडव्या झाल्या. घर दुरुस्त होण्यासारखे राहिले नव्हते. नवे बांधायचे ठरले, तेव्हा पनवेलमध्ये वीस वर्षे सिव्हिल इंजिनिअर म्हणून काम केलेली घरातली मुलगी या नात्याने सगळी जबाबदारी माझ्याकडे आली. अरबी समुद्र तापत चालला आहे आणि त्याची वादळे पूर्वीपेक्षा तीव्र होत आहेत, हे वाचलेले होते. आता ते स्वतःच्या अंगणात पाहिले होते. त्यामुळे वादळाने पाडलेले घर पुन्हा उभे करताना त्याच वादळांना बळ देणारा धूर आपल्या हातून किती निघणार आहे, हा प्रश्न मला टाळता आला नाही. घरातल्या कार्बनचा हिशेब मांडायला बसले की पहिली दोन नावे सिमेंट आणि लोखंड हीच येतात. त्यांपैकी सिमेंटच्या बाबतीत मी जो पर्याय निवडला, त्याचा हा अभिप्राय आहे. तो कोणा एका कंपनीच्या गोणीचा नाही, पोर्टलँड स्लॅग सिमेंट या प्रकाराचा आहे. बांधकामाला नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरुवात झाली, स्लॅब फेब्रुवारी २०२२ मध्ये पडला आणि तेव्हापासून घराने चार पावसाळे पाहिले आहेत.

साध्या सिमेंटमध्ये, म्हणजे ज्याला दुकानात ‘५३ ग्रेड’ म्हणतात त्या ओपीसीमध्ये, पंचाण्णव टक्क्यांच्या आसपास क्लिंकर असते. चुनखडी आणि माती सुमारे १४५० अंश सेल्सियसला भाजून क्लिंकर तयार होते. या भाजण्यात धूर दोन वाटांनी निघतो. भट्टीत जळणाऱ्या कोळशाचा धूर सर्वांना ठाऊक असतो, पण मोठा वाटा खुद्द दगडातून येतो. चुनखडी तापली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि चुना मागे राहतो. १०० किलो शुद्ध चुनखडीतून ४४ किलो वायू निघून जातो. भट्टी उद्या सौर विजेवर चालवली, तरी हा दगडातला वायू थांबणार नाही. एक टन क्लिंकरमागे केवळ दगडातून सव्वापाचशे किलोच्या आसपास आणि इंधन धरून एकूण ८०० ते ८५० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा वाटा ७ ते ८ टक्के धरला जातो, तो यामुळेच. म्हणून सिमेंटमधले क्लिंकर कमी करणे हाच आज सामान्य माणसाच्या आवाक्यातला सर्वांत परिणामकारक उपाय आहे.

स्लॅग सिमेंटमध्ये क्लिंकरची जागा पोलाद कारखान्यातली मळी, म्हणजेच स्लॅग, घेते. झोतभट्टीत लोहखनिज वितळते तेव्हा त्यातली अशुद्ध द्रव्ये लोखंडावर तरंगत वर येतात. हा लालबुंद रस पाण्याच्या जोरदार फवाऱ्याखाली क्षणात गार केला की त्याची काचेसारखी, वाळूएवढी दाणेदार मळी होते. ती दळून बारीक केली की तिला सिमेंटचा गुण येतो. तोच रस उघड्यावर सावकाश थंड होऊ दिला, तर स्फटिक बनतात आणि मग तो फार तर खडीच्या कामाचा उरतो. आयएस ४५५ या भारतीय मानकानुसार स्लॅग सिमेंटमध्ये २५ ते ७० टक्के मळी चालते. मी घेतलेल्या लॉटच्या चाचणी प्रमाणपत्रावर ती ५० टक्के होती. या मळीला स्वतःची भाजणी लागत नाही. वाळवणे आणि दळणे यांचाच खर्च, आणि तो टनामागे साधारण शंभर किलो कार्बनच्या आत राहतो.

आमच्या भागाला या सिमेंटचा आणखी एक फायदा आहे, आणि तो भूगोलाचा आहे. पेण तालुक्यातल्या डोलवीला पोलादाचा मोठा कारखाना आहे आणि त्याच्याच मळीवर चालणारी सिमेंटची गिरणी शेजारी आहे. चौलपासून हे अंतर सुमारे ४० किलोमीटर भरते. कोकणात सिमेंटच्या भट्टीला लागणारी चुनखडी नाही. येथे येणाऱ्या कोणत्याही गोणीतले क्लिंकर चंद्रपूरच्या बाजूचे, कर्नाटकातल्या कलबुर्गी पट्ट्यातले किंवा गुजरातच्या किनाऱ्यावरून आलेले असते. त्यामुळे माझ्या लॉटसारखे स्लॅग सिमेंट घेतले की गोणीतला निम्मा माल जिल्ह्यातला असतो.

तरीही वाहतुकीच्या या फायद्याला मी फार महत्त्व देणार नाही, कारण आकडे मांडल्यावर माझाच गैरसमज दूर झाला. एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. सोळा टन माल घेऊन जाणारा आणि रिकामा परतणारा ट्रक लिटरमागे चार किलोमीटर धावतो असे धरले, तर डोलवी ते चौल या फेरीचा बोजा टनामागे साडेतीन किलोच्या आत पडतो. तोच ट्रक ८०० किलोमीटरवरून आला असता, तर टनामागे सुमारे ६७ किलो पडले असते. फरक मोठा वाटतो खरा, पण क्लिंकरच्या ८०० किलोंपुढे तो दहा टक्क्यांच्याही आत राहतो. शिवाय लांबचे सिमेंट बहुतेक वेळा रेल्वेने किंवा जहाजाने येते, त्यामुळे प्रत्यक्षात तो आणखी कमी होतो. ‘जवळचे ते हिरवे’ हा नियम सिमेंटला लावताना म्हणूनच जपून राहावे. शेजारच्या गावात भरलेली ओपीसीची गोणी दूरवरून आलेल्या स्लॅग सिमेंटच्या गोणीपेक्षा कितीतरी अधिक कार्बन घेऊन येते. खडी आणि वाळू यांची गोष्ट उलटी आहे. त्यांच्या उत्पादनात टनामागे काही किलोच कार्बन असतो, म्हणून तेथे प्रत्येक किलोमीटर मोजावा लागतो आणि जवळची खाण शोधण्याचे कष्ट खरोखर सार्थकी लागतात.

आता घराचा हिशेब. सुमारे ११५० चौरस फुटांच्या तळमजल्याला पाया, प्लिंथ, कॉलम, बीम, स्लॅब, बांधकाम आणि गिलावा मिळून ४६० गोणी, म्हणजे २३ टन सिमेंट लागले. सगळे ओपीसी वापरले असते, तर त्यामागे सुमारे १९ टन कार्बन डायऑक्साइड गेला असता. स्लॅग सिमेंटमुळे तो माझ्या हिशेबाने १० टनांच्या जवळपास राहिला. वाचलेल्या नऊ टनांचा अर्थ लावायचा तर तो सुमारे ३३०० लिटर डिझेलएवढा होतो. लिटरला अठरा किलोमीटर धावणारी मोटार त्यात साठ हजार किलोमीटर फिरेल. घरातल्या इतर कोणत्याही निर्णयाने, अगदी छतावरच्या सौर पॅनेलनेही, एका फटक्यात आणि एकही रुपया जास्त न देता एवढी बचत झाली नसती. माझ्या या आकड्यांत दहा-पंधरा टक्क्यांची चूक असू शकते, कारण ते मी सर्वसाधारण सरासरींवरून काढले आहेत. पण दिशेबद्दल आणि आकारमानाबद्दल मला शंका नाही.

किमतीचे थोडक्यात सांगते. आमच्या भागात त्या वेळी स्लॅग सिमेंटची गोणी ओपीसीपेक्षा वीस ते तीस रुपयांनी स्वस्त होती. या बचतीचा मोठा भाग सेंट्रिंगच्या, म्हणजे ओल्या काँक्रीटला आधार देणाऱ्या फळ्या-टेकूंच्या, वाढीव भाड्यात गेला, कारण ते जास्त दिवस ठेवावे लागले. म्हणून हे सिमेंट स्वस्त पडते असे मी म्हणणार नाही. त्याच किमतीत पडते, एवढेच म्हणेन.

खरा कस लागला तो साइटवर. मिस्त्री आमच्याच गावचे, अनुभवी आणि कामाला चोख आहेत, पण पहिल्या दिवशी गोणी पाहून त्यांनी विचारले, “ताई, याच्यावर त्रेपन्न कुठं लिहिलंय?” हा प्रश्न मी आजवर शेकडो वेळा ऐकला आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ओपीसीच्या गोणीवरचा ५३ हा आकडा म्हणजे अठ्ठावीस दिवसांनंतरची किमान ताकद, मेगापास्कल या मापात. ताकदीचे पुढचे आकडेही त्याच मापात आहेत. स्लॅग सिमेंटच्या गोणीवर असा ठळक आकडा नसतो आणि मानकात त्याची अठ्ठावीस दिवसांची किमान ताकद ३३ धरली आहे. पहिल्या आठवड्याचा फरक तर आणखी डोळ्यांत भरतो: सात दिवसांना ५३ ग्रेडची किमान ताकद ३७, तर स्लॅग सिमेंटची २२. गवंड्याला जे उमजते ते हे आकडे खरे ठरवतात, यात शंका नाही. पण हे किमान आकडे आहेत. माझ्या लॉटच्या प्रमाणपत्रावर अठ्ठावीस दिवसांची ताकद ४८ होती. मळी स्वतःहून पाण्याशी फार मंद गतीने अभिक्रिया करते. क्लिंकर आधी भिजते, त्यातून चुना सुटतो आणि त्या चुन्याच्या चेतवण्याने मळी कामाला लागते. म्हणून तिची ताकद उशिरा येते, पण दोन-तीन महिन्यांपर्यंत वाढत राहते.

समुद्र हाकेच्या अंतरावर असल्यामुळे आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे आम्ही एम-३० प्रतीचे, म्हणजे अठ्ठावीस दिवसांना ३० ताकदीचे, काँक्रीट घेतले, प्रयोगशाळेतून मिक्स डिझाइन करून घेतले आणि प्रत्येक ओतकामाचे क्यूब, म्हणजे ताकद तपासायचे ठोकळे, भरले. स्लॅबच्या क्यूबची ताकद सात दिवसांना २१, अठ्ठावीस दिवसांना ३७ आणि छप्पन्न दिवसांना ४३ आली. सातव्या दिवशीच्या आकड्यावर निर्णय घेणारा ठेकेदार हे काँक्रीट नापास ठरवील, आणि असे होताना मी इतरत्र पाहिलेही आहे. त्यामुळे हे सिमेंट घेणाऱ्याने छप्पन्न दिवसांसाठी तीन क्यूब जास्तीचे भरून ठेवावेत, अशी माझी आग्रहाची शिफारस आहे. खर्च अगदीच किरकोळ आहे आणि मनाला जो धीर मिळतो तो फार मोठा.

पहिली चूक डिसेंबरमध्ये झाली आणि तिच्यात माझाही वाटा होता. सवयीप्रमाणे कॉलमची शटरिंग दुसऱ्या दिवशी सकाळी सोडली. रात्री चांगलीच थंडी पडली होती. दोन कॉलमांच्या कडा फळीबरोबर निघून आल्या. आतल्या भागाला इजा नव्हती, कडा दुरुस्त करता आल्या. परंतु मी आधी स्पष्ट सांगायला हवे होते. त्यानंतर कॉलमची शटरिंग आम्ही पूर्ण दोन दिवस ठेवली आणि पुन्हा तसे घडले नाही. आयएस ४५६ मध्ये सेंट्रिंग काढण्याचे जे दिवस दिले आहेत, ते ओपीसीसाठी आहेत आणि दुसरे सिमेंट असेल तर त्यात बदल करावा असेही तेथेच म्हटले आहे. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबला ओपीसीमध्ये सात दिवस पुरतात. मी चौदा ठेवले. बीमखालचे टेकू एकवीस दिवस हलवू दिले नाहीत. सेंट्रिंगवाल्याचा रोज फोन येत असे. त्याच्या फळ्या आणि लोखंडी प्लेटा दुसऱ्या साइटवर ठरलेल्या होत्या, आणि त्याची अडचण खोटी नव्हती. छोट्या बांधकामात हे सगळे एकमेकांच्या दिवसांवर चालते. एकाने सात दिवस वाढवले की पुढच्या तिघांचे वेळापत्रक ढासळते. कार्बन कमी करण्याच्या चर्चेत ही बाब सहसा कोणी मांडत नाही, पण प्रत्यक्षात गोणीची निवड येथेच होते. ठेकेदार ओपीसी मागतो तो पर्यावरणाच्या द्वेषाने मागत नाही, सातव्या दिवशी फळ्या सोडवायच्या असतात म्हणून मागतो.

याच दिवसांत एक गंमत वाटावी असा, पण त्या क्षणी काळजात धस्स करणारा प्रसंग घडला. प्लिंथ बीमच्या फळ्या काढल्या तेव्हा आतले काँक्रीट हिरवट निळे दिसत होते, शेवाळ आल्यासारखे. मिस्त्रींनी लगेच मला फोन केला, आईने तर गोणीत भेसळ असल्याचे जाहीर करून टाकले. मळीमध्ये थोडे गंधकाचे संयुग असते आणि हवा लागेपर्यंत त्यामुळे असा रंग दिसतो. दोन-चार दिवसांत, काही जागी आठवडाभरात, तो आपोआप नाहीसा झाला आणि काँक्रीट नेहमीच्या सिमेंटपेक्षाही फिकट राखाडी झाले. ताकदीवर याचा काही परिणाम होत नाही. गोणीबरोबर चार ओळींचे मराठी पत्रक दिले, तर अशा कित्येक घाबरलेल्या फोनांची गरज उरणार नाही. कारखान्यांनी हे करायला हवे, असे मला मनापासून वाटते.

पाणी मारण्याच्या बाबतीत मात्र कोणतीही सवलत नाही. आयएस ४५६ ओपीसीला किमान सात दिवस आणि मिश्र सिमेंटला किमान दहा दिवस सांगते, आणि ते चौदापर्यंत वाढवण्याची शिफारस करते. आम्ही चौदा दिवस केले. स्लॅबवर मसाल्याची आळी बांधून पाणी साठवले, कॉलमांना गोणपाट गुंडाळून दिवसातून चार वेळा भिजवले. एका कॉलमचे गोणपाट फेब्रुवारीच्या वाऱ्यात सुटले आणि दोन दिवस कोणाच्या लक्षात आले नाही. त्या कॉलमवर आजही केसासारख्या बारीक भेगांचे जाळे आहे, शेजारच्या एकाही कॉलमवर नाही. या सिमेंटला पाणी आणि वेळ मिळाला नाही, तर ते ओपीसीपेक्षा वाईट वागते, आणि हे न सांगता त्याची स्तुती करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. कोकणात विहिरीला पाणी असते. मराठवाड्यात मार्च-एप्रिलमध्ये टँकरच्या पाण्यावर बांधणाऱ्या माणसाला चौदा दिवसांचा आग्रह धरायचा की नाही, याचा विचार मला अजूनही पडतो. त्याने हेच काम पावसाळ्यानंतर लगेच काढणे अधिक शहाणपणाचे, एवढेच मी सांगू शकते.

पुरवठ्याबद्दलची माझी तक्रार गंभीर आहे. पायाच्या वेळी दुकानदाराने दिलेल्या गोण्यांपैकी बऱ्याच गोण्यांवरचा उत्पादनाचा आठवडा क्रमांक दोन महिन्यांपूर्वीचा निघाला आणि काहींत हाताने न फुटणारे खडे होते. त्या परत केल्या. स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी तर १२० गोण्यांऐवजी ऐंशीच स्लॅग सिमेंटच्या आल्या आणि उरलेल्या चाळीस ओपीसीच्या. “स्लॅबला तर हेच चांगलं,” असे वर ऐकवण्यात आले. मी ओतकाम दोन दिवस पुढे ढकलले, मजुरांची दोन दिवसांची रोजी भरून दिली आणि गोण्या बदलून घेतल्या. डोलवीची गिरणी एवढ्या जवळ असताना गावातल्या दुकानात हे सिमेंट सलग मिळू नये, याचे कारण सरळ आहे: ग्राहक ५३ मागतो, म्हणून दुकानदार ५३ भरतो, आणि स्लॅगच्या गोण्या पडून जुन्या होतात. जुन्या गोणीने एखाद्याचे काम बिघडले की दोष सिमेंटच्या प्रकाराला लागतो. घेणाऱ्याने म्हणून प्रत्येक खेपेला आठवडा क्रमांक पाहावा, त्या आठवड्याचे चाचणी प्रमाणपत्र मागावे आणि त्यावर मळीचे प्रमाण किती आहे ते वाचावे. तीस टक्के मळीची गोणी आणि साठ टक्के मळीची गोणी यांचे नाव एकच असते. कार्बनमध्ये मात्र दोघींमध्ये जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

टिकाऊपणाबद्दल चार वर्षांवरून निकाल देणे घाईचे होईल, पण दिसते ते आशादायक आहे. किनाऱ्यावरच्या घरांचा शत्रू म्हणजे खाऱ्या हवेतला क्लोराइड. तो काँक्रीटमधून झिरपत सळईपर्यंत पोचतो, सळई गंजून फुगते आणि बाहेरचे काँक्रीट फुटून पडते. चौल-रेवदंड्याकडे पंचवीस-तीस वर्षांच्या घरांच्या गॅलऱ्यांखाली लोंबणाऱ्या गंजक्या सळया कोणीही पाहू शकतो. मळीमुळे काँक्रीटची छिद्रे अधिक बारीक होतात आणि क्लोराइडचा प्रवास मंदावतो. हा गुण जगभर तपासलेला आहे आणि समुद्रकाठच्या कामांत स्लॅग वापरण्यामागचे तेच मुख्य कारण आहे. आमच्या समुद्राकडच्या बाजूला आजवर गंजाचा एकही डाग नाही. अर्थात सळईवर ४५ मिलिमीटरचे आच्छादन ठेवले होते आणि त्यासाठी काँक्रीटचेच ठोकळे घातले होते, हे श्रेयही मान्य केले पाहिजे. घर तीस वर्षांनी पाडून पुन्हा बांधावे लागले, तर आज वाचवलेला कार्बन पाण्यात जाईल. साठ-सत्तर वर्षे टिकले, तर ती बचत आणखी पुढे जाते. म्हणून माझ्या दृष्टीने या सिमेंटचा टिकाऊपणा त्याच्या कार्बनपासून वेगळा काढता येत नाही.

गिलाव्याला हे सिमेंट छान वागते. घोटाई गुळगुळीत होते, रंग फिकट असल्यामुळे प्राइमर कमी लागला. काम थोडे सावकाश चालते, कारण पहिला थर आवळायला वेळ लागतो. पायाच्या मोठ्या फूटिंगमध्ये उष्णता कमी निर्माण होते आणि त्यामुळे तडे गेले नाहीत.

एक प्रश्न माझ्या मनात पहिल्यापासून आहे आणि त्याचे उत्तर सुखकारक नाही. मळी ही पोलादाच्या धंद्यातून जेवढी निघते तेवढीच निघते. मी ती घेतली नसती, तर दुसऱ्या कोणी घेतली असती का? जेथे मळी पडून राहते, तेथे माझी प्रत्येक गोणी खरोखर कार्बन वाचवते. जेथे ती आधीच पूर्ण खपते, तेथे मी केवळ दुसऱ्याचा वाटा घेतला असे म्हणता येईल. शिवाय झोतभट्टीचा सगळा धूर पोलादाच्या नावावर टाकून मळी निर्मळ धरायची, हा हिशेबाचा संकेत आहे. निसर्गाने असा काही नियम केलेला नाही. उद्या पोलाद भंगारातून किंवा हायड्रोजनने बनू लागले, आणि ते व्हायलाच हवे, तर ही मळी कमी होत जाईल. औष्णिक वीज केंद्रांच्या राखेची, म्हणजे पीपीसी सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के घातल्या जाणाऱ्या फ्लाय अॅशची, गोष्टही तीच आहे. या कारणाने भाजलेली माती आणि कच्ची चुनखडी मिसळून बनणाऱ्या एलसी-३ या सिमेंटकडे मी मोठ्या अपेक्षेने पाहते. त्यात क्लिंकर निम्मे असते, माती १४५० ऐवजी ७००-८५० अंशांना भाजावी लागते, आणि माती संपणारी नाही. स्वित्झर्लंड, क्यूबा आणि आपल्याकडच्या दिल्ली व मद्रास आयआयटीतल्या संशोधकांनी ते घडवले, आणि २०२३ मध्ये आयएस १८१८९ हे भारतीय मानकही आले. आमच्या दुकानात ते अजून पोचलेले नाही. पोचेपर्यंत जे सिमेंट हाताशी आहे त्यातले क्लिंकर कमी करत राहणे मला योग्य वाटते.

सिमेंट बदलल्यावर हिशेबात सर्वांत वर काय आले, हेही सांगायला हवे, कारण माझी पुढची काळजी तीच आहे. घराला ४.२ टन सळई लागली. भारतात एक टन पोलादामागे सरासरी अडीच टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड जातो, म्हणजे सळईचाच बोजा सुमारे साडेदहा टन. तेवीस टन सिमेंटपेक्षाही जास्त. जालन्यासारख्या ठिकाणी भंगार वितळवून सळई करणारे कारखाने आहेत. भंगाराचे प्रमाण अधिक असेल तर कार्बन बराच कमी होतो, पण त्याच भट्टीत कोळशावर बनवलेले स्पंज आयर्न नावाचे कच्चे लोखंड किती घातले जाते यावर सगळे अवलंबून असते. मी सळई घेताना हे विचारले तेव्हा दुकानदाराला प्रश्नच कळला नाही. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारच्या पोलाद मंत्रालयाने हरित पोलादाची व्याख्या जाहीर केली. टनामागे २.२ टनांपेक्षा कमी उत्सर्जन असेल तर हरित, आणि १.६ टनांच्या आत असेल तर पाच तारे. हे तारे सळईच्या मोळीवरच्या पत्र्यावर छापून आले, तर माझ्यासारखीला निवड करता येईल. सिमेंटच्या गोणीवरही टनामागचा कार्बन असाच छापला जावा, अशी माझी मागणी आहे. फ्रिज घेताना तारे पाहण्याची सवय आपल्या आयांना लागली. गोणी पाहून घेण्याची सवय मिस्त्रींना का लागणार नाही?

कोणी घ्यावे आणि कोणी घेऊ नये, एवढे सांगून थांबते. किनाऱ्याजवळ बांधणाऱ्याने डोळे झाकून घ्यावे. पाया, प्लिंथ, बांधकाम आणि गिलावा यांसाठी कोणीही, कोठेही घ्यावे. स्लॅबसाठी तेव्हाच घ्यावे, जेव्हा सेंट्रिंगवाल्याशी चौदा दिवसांचा करार आधी लेखी झालेला असेल आणि पाणी मारायला रोज कोणीतरी माणूस साइटवर असेल. ज्याला पंधरा दिवसांत छत टाकून मोकळे व्हायचे आहे, त्याने स्लॅबपुरते दुसरे सिमेंट वापरावे. घाईत वापरलेले स्लॅग सिमेंट बदनामी तेवढी मिळवते.

आमच्या वाडीला लागून राहणाऱ्या काकांनी यंदा घर काढले. सुरुवातीला त्यांचाही कल ५३ कडेच होता. ते आमच्या घरी आले, समुद्राकडचे कॉलम हाताने चाचपून पाहिले, भेगांचे जाळे असलेला तो एक कॉलमही पाहिला आणि त्यामागची हकिगत ऐकून घेतली. त्यांच्याकडे मिस्त्री आमचेच आहेत. या वेळी चौदा दिवसांची अट मिस्त्रींनीच घातली आणि विहिरीवरून थेट स्लॅबपर्यंत पाइप ओढून घेतला. स्लॅब पडून आज नववा दिवस आहे. आळ्यांमध्ये पाणी भरलेले आहे आणि टेकू अजून उभे आहेत.